द डेव्हिल्स बॅकबोन: भुताला घाबरायला बसलो आणि भलत्यालाच घाबरलो

काल रात्री एकट्यानेच बघितला. भुताचा पिक्चर म्हणून लावला होता, दचकायचं, उशी तोंडावर धरायची एवढीच तयारी, पण हे प्रकरण वेगळंच निघालं. गिलेर्मो देल तोरोचा २००१ चा स्पॅनिश पिक्चर आहे, सबटायटल वाचावी लागतात पण दहा मिनिटांत सवय होते.

१९३९ साल, स्पेनमधलं सिव्हिल वॉर संपत आलंय, रिपब्लिकन (म्हणजे फ्रँकोच्या फौजेविरुद्ध लढणारी सरकारी बाजू) हरत चाललेत. उजाड माळावर एक अनाथाश्रम, तिथं कार्लोस नावाच्या पोराला आणून सोडतात आणि बाप मेलाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. अंगणात मधोमध एक न फुटलेला बॉम्ब, नाक जमिनीत रुतवून उभा. निकामी केलाय म्हणे, पण पोरं म्हणतात कान लावला की अजून टिकटिक ऐकू येते. हा पडला त्याच रात्री सांती नावाचा मुलगा गायब झालेला.

आणि सांतीचं भूत म्हणजे काय काम केलंय राव! चेहरा चिनीमातीच्या बाहुलीसारखा तडकलेला, डोक्याच्या जखमेतलं रक्त खाली ओघळत नाही, वर तरंगत जातं, पाण्यात विरघळावं तसं. असं का ते नंतर कळतं तेव्हा भीती जाते आणि पोटात कालवतं. सुरुवातीला मी त्याला घाबरत होतो, पुढे पुढे वाटायला लागलं की अरे कुणीतरी ऐका रे त्याचं.

एवढा मोठा बॉम्ब दाखवलाय म्हणजे शेवटी फुटणारच असं मी धरून बसलो होतो. नाही फुटत (सॉरी, एवढा स्पॉयलर चालवून घ्या). आश्रमाची राखरांगोळी करतो तो तिथंच लहानाचा मोठा झालेला हासिंतो, तेही लपवलेल्या सोन्यासाठी, भूत मात्र पोरांच्या केसालाही धक्का लावत नाही. त्यानंतर बाहेरचं सिव्हिल वॉर दाखवायची गरजच उरत नाही, ते आश्रमातच चालू असतं.

म्हातारा डॉक्टर माझा फेवरेट. रममध्ये अर्भकं ठेवलेल्या बरण्या बाळगतो, तीच रम गावात औषध म्हणून विकून आश्रमासाठी पैसे आणतो, आपण सायन्सवाले, असल्यावर विश्वास नाही असं कार्लोसला सांगतो आणि पोरगं गेलं की स्वतःच एक घोट मारतो! हाच माणूस नंतर जिच्यावर मुकाट प्रेम केलं त्या कार्मेनच्या, म्हणजे आश्रम चालवणाऱ्या बाईंच्या, उशाशी बसून कविता म्हणतो, तिथं मी रडलो, लपवत नाही.

तक्रार एकच, हासिंतो असा का झाला हे दोनचार फोटोंत आणि डायलॉगमध्ये उरकलंय, अजून पाहिजे होतं. बाकी देल तोरोचाच पॅन्स लॅबिरिंथ आवडला असेल तर हा चुकवू नका. शेवटी दारात कोण उभं असतं ते सांगत नाही. पोरांनी सांतीला 'उसासे टाकणारा' नाव ठेवलंय, त्यामुळे हेडफोन लावूनच बघा, तळघरातला तो उसासा टीव्हीच्या स्पीकरवर वाया जातो.