जिओजेब्रा अ‍ॅप: फलन शिकवायला एकदम मस्त

मी ऐरोलीत घरीच अकरावीच्या शिकवण्या घेते. फलन म्हणजे एका संख्येवरून दुसरी ठरवणारा नियम. ते शिकवायला आलेख काढणाऱ्या जिओजेब्राहून चांगलं फुकट अ‍ॅप मला सापडलेलं नाही. परवा उदाहरणाला रिक्षाचा मीटरच घेतला: फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या १.५ किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. नियम टाइप केला, सारणी काढली: १ ला २६, १.५ लाही २६, २.५ ला ४३.१४. आलेख आधी आडवा जातो, १.५ पाशी मोडतो आणि तिरका वर चढतो. नुसत्या आकड्यांत हरवलेला तो कोपरा मुलांनी लगेच बोट ठेवून दाखवला! सुरुवातीला दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं असतं, त्यामुळे २६ पडद्याबाहेर राहू शकतो. उभ्या अक्षाचं प्रमाण बदलून घ्या. पहिला आलेख मात्र मी अजूनही आलेखकागदावर हातानेच काढून घेते.