गन्सनचा कलरट्यून : काचेतून दिसलेली ज्योत

माझी एमजीबी जीटी, ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६९ची. १७९८ सीसीचं इंजिन आणि त्याला हवा-पेट्रोल मिसळून देणारे दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर. कॉव्हेंट्रीत घेतली तेव्हापासून सिग्नलला थांबली की एकच गत. इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा आठशेवरून पाचशेला, मग अकराशेला, आणि निघताना एक जोरदार खोकला. गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजमधून दोन्ही कार्ब्युरेटर ट्यून करून आणले. पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. त्यांनी दोष पेट्रोलला दिला. इथलं, ब्रिटनमधलं, साधं पेट्रोल २०२१पासून ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) झालंय खरं, पण या गाडीत मी पहिल्यापासून कमी इथेनॉलचं ई५च घालते.

मग मी कलरट्यून मागवला. त्या गॅरेजच्या एका तासाच्या मजुरीपेक्षा कमी पैशांत आला.

हा एक स्पार्क प्लगच आहे, फक्त त्यात चिनी मातीच्या जागी काच आहे. नेहमीचा प्लग काढून हा बसवायचा, सोबतची वायर जोडायची आणि नळीतून आत बघायचं. सिलिंडरमधला जाळ डोळ्यांना दिसतो! ज्योत पिवळी-केशरी असेल तर पेट्रोल जास्त. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बन्सन बर्नरसारखी निळी असेल तर बरोबर. निळी फिकट, पांढुरकी होत गेली की पेट्रोल कमी. सोलापूरला बाबा चेतकचा प्लग काढून रंग बघायचे. काजळी धरली तर पेट्रोल जास्त, बिस्किटासारखा तपकिरी तर ठीक. पण तो रंग झालेल्या प्रवासाचा असतो. इथे कार्ब्युरेटरचा मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ठरवणारा नट फिरवताना रंग बदलतो, आणि पहिल्यांदा तो बदलताना पाहिला तेव्हा मी कितीतरी वेळ हातात पाना धरून नुसती बघत राहिले.

हा प्लग लावण्याआधीची कामं मात्र टाळू नका. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), इग्निशनच्या पॉइंटचा गॅप (माझ्या गाडीला ०.०१५ इंच), ठिणगीचं टायमिंग हे सगळं आधी. इग्निशन ढिलं असेल तर कार्ब्युरेटरशी कितीही झगडा, हाती काही लागत नाही. नंतर एअर फिल्टर काढून दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का ते बघायचं. मी रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरते. दोन्हीकडचा सूं-सूं आवाज एकसारखा होईपर्यंत थ्रॉटलचे (हवेच्या झडपेचे) स्क्रू थोडे थोडे फिरवते. डॅशपॉटमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वरच्या घुमटातलं, तेलही बघून घ्यावं. कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक् असा स्वच्छ आवाज करत खाली बसला पाहिजे.

एमजीबीत कार्ब्युरेटर डावीकडे आणि प्लग उजवीकडे, त्यामुळे एकटीने हे जमत नाही. मी डावीकडे वाकून जेटखालचा (पेट्रोल येणाऱ्या बारीक नळीखालचा) तो नट फिरवत होते आणि लेक उजवीकडे नळीला डोळा लावून सांगत होती, "आई, अजून पिवळंच आहे... थांब, थांब, निळं झालं!" या इंजिनात पुढचा कार्ब्युरेटर पहिल्या दोन सिलिंडरना पुरवठा करतो, मागचा शेवटच्या दोघांना. काचेचा प्लग आधी पहिल्या सिलिंडरला लावला. नट दोन फ्लॅट (त्याच्या सहा बाजूंपैकी दोन) वर चढवला आणि ज्योत निळी होऊन स्थिर राहिली.

चौथ्या सिलिंडरला लावला तेव्हा खरा गुन्हेगार सापडला. तिथे ज्योत एक क्षण पिवळी, पुढच्या क्षणी पांढुरकी. नट वर घ्या, खाली घ्या, ती ठरेचना. मिक्श्चर चुकलेलं असतं तर निदान एकाच बाजूला चुकलं असतं. रंग असा नाचतो याचा अर्थ कुठूनतरी भलती हवा आत येत होती, तीही कमीजास्त. थ्रॉटलचा दांडा जिथे बॉडीतून बाहेर येतो तिथे तेलाचे चार थेंब सोडले. लेक म्हणाली, "आता हलत नाहीये." अर्ध्या मिनिटात तेल आत ओढलं गेलं आणि नाच पुन्हा सुरू. दांडा बोटांनी हलवून पाहिला तर खडखड वाजत होता. पन्नासेक वर्षं फिरून भोक झिजलं होतं. नुसता नट फिरवून हे कधीच बरं झालं नसतं, आणि गॅरेजने नेमकं तेवढंच केलं होतं.

दोन्ही कार्ब्युरेटरच्या बॉडी नवीन बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) आणि नवे दांडे घालायला पाठवल्या. परत आल्यावर सगळं ट्युनिंग एका संध्याकाळी उरकलं. शेवटी जुन्या पद्धतीनेही ताडून पाहिलं. पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला की इंजिनाचा वेग किंचित वाढून लगेच स्थिरावतो. म्हणजे काचेतला रंग खरं सांगत होता. आता काटा आठशेला उभा असतो, आणि सिग्नलला मला मागच्या गाड्यांची धास्ती वाटत नाही.

घेणाऱ्यांसाठी थोडं. भर उन्हात ज्योत दिसत नाही. मी संध्याकाळी दिवा बंद करून बसते, पण गॅरेजचं दार उघडं ठेवूनच, धूर आत कोंडता कामा नये. हा प्लग लावून गाडी चालवायची नाही, जोरात रेसही करायची नाही, काच तापते. तो फक्त आयडलिंगचं (गाडी उभी असतानाचं) मिक्श्चर दाखवतो. त्यापुढे जेटमधल्या निमुळत्या सुईचं राज्य असतं, आणि ते तपासायला रस्त्यावर दहा-बारा मैल जाऊन साधे प्लग काढून बघणं आलंच. मागवताना प्लगच्या आट्यांचं माप पाहा. एमजीबीला १४ मिलिमीटरचा लागतो.