चार वर्षांच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन: गणपतीच्या चवथीनंतर लिहिलेला अनुभव

मुलाच्या जांघेत फुगा दिसतोय, डॉक्टरांनी हर्निया सांगितलाय आणि घरात ‘एवढ्याशा पोरावर कसली कापाकापी, मोठा झाला की बघू’ असं चाललंय, अशा आईबाबांसाठी हे लिहिते आहे. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. शिगमा झाल्यावर, उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकाचं ऑपरेशन केलं. आता चवथही होऊन गेली.

आधी थांबायचं की नाही ते. बाळ पोटात असताना मुलग्याची वृषणं ज्या वाटेने खाली उतरतात, त्या वाटेवरची पिशवी जन्माच्या सुमारास मिटायला हवी. ती उघडी राहिली की रडताना, खोकताना, शौचाला जोर करताना आतडं तिच्यात उतरतं. मुलग्यांत हे जास्त, त्यातही उजव्या बाजूला, आणि दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत आणखी जास्त. बेंबीचा हर्निया पुष्कळदा आपसूक बुजतो, जांघेतला बुजत नाही. आमच्या घरात वाद होता तो यावरूनच. सासूबाईंनी दिराच्या मुलाची बेंबी ऑपरेशनशिवाय बसलेली पाहिली होती. सर्जननी त्यांनाच समोर बसवून सांगितलं, ‘आजी, हा फुगा कडक झाला, आत जाईना, पोर कळवळायला लागलं, उलट्या झाल्या, तर मध्यरात्र असली तरी सरळ बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) न्यायचं. ती वेळ येऊ नये म्हणून आत्ता करूया.’ त्यानंतर सासूबाईंनीच पंचांग काढलं.

माझी भीती भुलीची होती. भूलतज्ज्ञांनी सर्दी, खोकला, दमा, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का, सगळं विचारलं. मुलाला सर्दी-ताप असेल तर तारीख हुकेल म्हणून लपवू नका. दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालेल, असं आम्हाला सांगितलं होतं. पोटातलं अन्न भुलीत उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून हा उपास. आमच्याकडे सकाळची ऑपरेशनांची यादी लांबली आणि लेक भुकेने रडकुंडीला आला. मी सिस्टरना विचारलं, ‘वेळ पुढे गेलीय तर पाणी देऊ का?’ त्यांनी आत विचारून लगेच परवानगी आणली. आपणहून कुणी सांगायला आलं नसतं. विचारा.

नातेवाईक म्हणत होते, आइस्क्रीम खायला जातोय म्हणून सांग. आम्ही खरं तेच सांगितलं: ‘डॉक्टर औषध देऊन तुला झोपवतील, जांघेतलं भोक शिवतील, उठल्यावर दुखेल, आई जवळच असेल.’ हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन, मुलाला फसवून आत नेऊ नका. पुढचे सगळे दिवस त्याच्या भरवशावरच काढायचे असतात.

ऑपरेशन लहानसं. जांघेच्या घडीत छोटा छेद, पिशवी मुळाशी बांधून टाकतात, मुलांना मोठ्यांसारखी जाळी लावत नाहीत, टाके आतल्या आत विरघळतात. तासाभरात तो बाहेर आला.

पण जागं होणं! त्याची तयारी कुणी करून घेतली नव्हती. डोळे उघडे, पण मला ओळखेना. हातपाय झाडत होता, सलाईनची सुई ओढत होता, ‘आई पाहिजे’ म्हणत मलाच ढकलत होता. लहान मुलांत भूल उतरताना असं होतं, बहुधा अर्ध्या तासात निवळतं, हे सिस्टरनी तेव्हा सांगितलं. मी त्याचा हात धरून तेच तेच वाक्य हळू आवाजात म्हणत राहिले. मग तो एकदम गाढ झोपला आणि उठला तो पेज मागत. त्याला त्यातलं काही आठवत नाही, मला सगळं आठवतं. पाठीच्या खालच्या बाजूला, तो भुलीत असताना, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे काही तास पाय जड होते. एकट्याने उभं राहू देऊ नका.

संध्याकाळी घरी. पहिले दोन दिवस पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, घड्याळ लावून दिलं, दुखायची वाट पाहिली नाही. खरी अडचण निघाली चड्डीच्या इलास्टिकची, ते नेमकं छेदावर यायचं. सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याच्या ढगळ, नाड्याच्या चड्ड्या शिवल्या, नाडा बेंबीच्या वर बांधायचा. त्या उकाड्यात त्याच सोयीच्या. शौचाला जोर लागू नये म्हणून उकड्या तांदळाची पेज, पपई आणि भरपूर पाणी. अंडकोश सुजला तेव्हा ह्यांनी घाबरून फोन केला. ही सूज येते आणि काही आठवड्यांत ओसरते. ताप, पू किंवा वाढती लाली दिसली तर मात्र लगेच दाखवायचं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोर ठणठणीत. सगळ्यात दमवणारा काळ हाच. चुलत भावंडं नदीवर निघालेली आणि ह्याला पोहणं बंद, सायकल बंद, उड्या बंद. आम्ही पडवीत माती आणि गणपतीचा साचा देऊन बसवलं. सुट्टीत ऑपरेशन ठेवणार असाल तर बैठ्या खेळांची सोय आधीच करा.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर त्या रुग्णालयात, त्याच ऑपरेशनला ते लागू आहे का, हे तारीख घेण्याआधी विचारून घ्या. ऐनवेळी काउंटरवर समजलं की धावपळ होते.

आता व्रण घडीत शोधावा लागतो. पावसाळ्यात खोकला लागला होता, तरी फुगा आला नाही. डाव्या बाजूलाही पुढे असा हर्निया निघू शकतो, असं सर्जननी सांगून ठेवलंय. म्हणून आंघोळ घालताना तिकडे माझी नजर असते, आणि निघालाच तर थांबायचं की नाही यावर घरात आता वाद होणार नाही.