कालव्याचा बंद: भरावाचे काम पक्के, तारीख कच्ची

पश्चिम महाराष्ट्रातील एका जुन्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, आमची साडेतीन एकर जमीन आहे. यंदाच्या रब्बीत भराव दुरुस्तीसाठी हा कालवा 4 जानेवारीपासून बंद ठेवण्यात आला. आम्ही पाणी मागणीचा, नमुना नंबर 7 चा अर्ज मुदतीत देतो आणि पाणीपट्टी थकवत नाही, म्हणून या बंदाकडे पैसे मोजून घेतलेली सेवा म्हणूनच पाहतो व तसेच त्याचे परीक्षण लिहितो. कालव्याचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही. पाचपैकी तारे द्यायचे झाले तर प्रत्यक्ष कामाला साडेचार आणि वेळापत्रकाला दीड, असा माझा हिशेब आहे.

बंद घेणे आवश्यक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिसेंबरच्या आवर्तनात (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळीत), गावाच्या वरच्या अंगाला जिथे कालवा उंच भरावावरून जातो, तिथे भरावाच्या पायथ्याशी एक पट्टा सतत ओला दिसू लागला होता. कालवा चौकीदारांनी हातातली काठी तिथे टेकवली, तर ती वीतभर आत गेली. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन ते उन्हात धरून पाहिले आणि ते गढूळ आहे म्हटल्यावर लगेच वर फोन लावला. स्वच्छ पाझर हा मातीच्या कालव्याला चुकत नाही, परंतु पाझराचे पाणी गढूळ येऊ लागले की भरावाच्या पोटातली माती वाहून येत आहे, म्हणजे आत वाट तयार होत आहे, असे समजायचे. ही वाट रुंदावत गेली की वरून धडधाकट दिसणारा भराव काही तासांत बसतो. 27 सप्टेंबर 2018 रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा वस्तीतल्या घरांत पाणी शिरले आणि उंदीर, घुशी व खेकड्यांनी भराव पोखरल्याचे कारण सांगितले गेले. त्या वेळी या कारणाची बरीच थट्टा झाली. भरावावर रोज चालणारा माणूस मात्र खेकड्याच्या बिळाला हसत नाही, कारण पाण्याला सुरुवातीला तेवढेच भोक पुरते. त्यात आपणच रातोरात भरावातून आरपार घातलेल्या पाइपलाइनी मिळवल्या, तर दोष केवळ खेकड्यांच्या माथी मारणे बरे नाही.

कालवा एकदम कोरडा केला नाही, ही पहिली जमेची बाजू. पाणी झपाट्याने उतरवले तर आतून भिजलेल्या भरावाला समोरून पाण्याचा आधार राहत नाही, मुरलेले पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही आणि आतल्या बाजूचा उतार घसरतो. इथे विसर्ग तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी केला. तळ उघडा पडल्यावर डबक्यांतले मासे पकडायला निम्मे गाव लोटले, आणि विसर्जित मूर्तींचे सांगाडे, चपला, कोणाचा तरी हरवलेला फूटव्हॉल्व्ह असा सगळा ऐवज दिसू लागला.

दुरुस्ती म्हटली की जेसीबीने माती आणून ओतायची, बकेटने थापटायची आणि वरून मुरूम पसरायचा, असे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. त्यामुळे या वेळी बाभळींची खोडे मुळांसकट उपटून काढलेली पाहिली तेव्हाच बरे वाटले. नुसती छाटलेली मुळे आत कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. ओला पट्टा पूर्ण उकरून, जुन्या भरावाला पायऱ्या कापून, नवी माती पातळ थरांत पसरली गेली. जुन्या गुळगुळीत उतारावर नवी माती नुसती टेकवली तर सांध्यातून पुन्हा पाणी वाट काढते, म्हणून या पायऱ्या महत्त्वाच्या असतात. प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवला जात होता आणि एक तरुण अभियंता लोखंडी नळकांडे मातीत ठोकून, आतला गोळा काढून, तो वजनकाट्यावर ठेवून वहीत नोंद करत होत्या. दोन ठिकाणी वजन कमी भरले, तेव्हा त्यांनी तो थर उकरून पुन्हा दाबायला लावला. ठेकेदाराचा मुकादम कुरकुरत होता, पण त्याला ते करावे लागले. साडेचार तारे खरे तर त्या वहीचे आहेत.

अस्तरीकरणाचा, म्हणजे कालव्याला आतून काँक्रीटचे अस्तर देण्याचा, विषय निघालाच. ज्यांच्या विहिरी कालव्याच्या पाझरावर आहेत त्यांचा काँक्रीटला विरोध असतो आणि आमच्यासारख्या टेलवाल्यांना ते हवे असते; या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. शिवाय आमच्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट घातलेले काँक्रीट तडकते. त्यावर मुंबईच्या आयआयटीतील डॉ. आर. के. कट्टी यांनी सुचवलेला उपाय म्हणजे काँक्रीट आणि काळी माती यांच्यामध्ये न फुगणाऱ्या, चिकट मातीचा थर द्यायचा. उंच भरावाच्या तुकड्यात तसा थर देऊन अस्तर केले आणि बाकी कालवा मातीचाच ठेवला, हा तोडगा मला पटला.

आता वेळापत्रक. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील सूचनेत 4 ते 24 जानेवारी असा 21 दिवसांचा बंद लिहिला होता. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात तो बसत होता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. आमचा गहू 21 नोव्हेंबरच्या पेरणीचा. गव्हाला पेरणीनंतर 60 ते 65 दिवसांनी, ओंबी निघताना, पाणी चुकवून चालत नाही, आणि ते दिवस 20 ते 25 जानेवारीला येत होते. चार-सहा दिवसांची पाण्याची ओढ पीक सोसेल, असे धरून आम्ही गप्प राहिलो. वरचे दार प्रत्यक्षात 3 फेब्रुवारीला उघडले. मधल्या दहा दिवसांत फळ्यावरची तारीख कोणी बदलली नाही. मी चौकीदारांना विचारले, तर ते म्हणाले, "भाऊ, तारखेचं मला नका विचारू. रोलर परत गेला की समजा, पाणी निघालं."

कार्यालयाच्या लेखी बंद 3 फेब्रुवारीला, दार उघडले त्या दिवशी संपला. आमच्या विमोचकाशी (कालव्यातून शेताकडे पाणी काढून देणाऱ्या दाराशी) पाणी पोहोचले 9 फेब्रुवारीला, म्हणजे पेरणीपासून 80 व्या दिवशी, दाणा चिकात असताना. हे सहा दिवस कोणाच्या हलगर्जीपणाने गेले नाहीत: महिनाभर वाळलेला तळ आधी स्वतः पाणी पितो, आणि नव्या भरावावर पाण्याची पातळी हळूहळूच चढवावी लागते. परंतु ते आधीपासून ठाऊक असतात, म्हणून सूचनेत लिहिता येतात. बंदाचा शेवटचा दिवस वरच्या दारावर मोजायचा की टेलच्या विमोचकावर, हाच माझा कार्यालयाशी मुख्य वाद आहे. वरच्या गावांना पाणी 30 दिवस नव्हते, आम्हाला ते 36 दिवस नव्हते, आणि हेक्टरी आकारणी दोघांची सारखीच झाली. त्या काळात आमच्या विहिरीचे पाणी दोन परस (साधारण दोन माणसांच्या उंचीइतके) खाली गेले. तीवर कसाबसा चाऱ्याचा घास आणि जनावरे जगवली. गव्हाच्या ओंब्या आखूड राहिल्या.

ज्यांच्या कालव्यावर असा बंद येणार आहे त्यांनी सूचनेतल्या दिवसांत टेलपर्यंतच्या प्रवासाचे दिवस स्वतः मिळवावेत आणि तेवढी ओढ सोसणारा हरभरा किंवा करडई निवडावी. कांदा लावला असेल तर विहिरीचा भरवसा आधी तपासावा. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत तुमच्या भागाचे कोणी जात असतील, तर टेलची तारीख इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगावे. आम्ही पुढच्या बैठकीसाठी तसा अर्ज दिला असून त्याची पोच घेतली आहे.

फेब्रुवारीचे आवर्तन पूर्ण भराने चालू असताना मी भरावाच्या पायथ्याशी दोनदा जाऊन आलो. ओल कुठेही नव्हती, आणि चौकीदारांची काठी तिथे बोटभरही आत गेली नाही.