बॅले भिंतीवर की पडद्यावर?

म्हापशाच्या भाचीला प्रश्न पडलाय: "मावशी, साठवलेल्या पैशांत बॅलेरिनाचा, म्हणजे बॅले नाच करणाऱ्या नर्तकीचा, मोठा फोटो घेऊ की बॅलेचे चित्रपट?"

खर्चाचं म्हणशील तर फोटोपेक्षा चौकटच महाग पडते. टिकण्यातही फोटो मागे. आपल्या गोव्याच्या पावसात काचेमागच्या कागदालाही बुरशी धरते.

पण पाहण्यातलं सुख! फोटोत उडी खाली येतच नाही. बुटाच्या टोकाशी विरलेलं साटन, घोट्यावर ताणलेली शीर, सगळं सावकाश बघता येतं. बॅलेरिना बुटाच्या ज्या टणक टोकावर उभी राहते, त्यात लाकूड नसतं बरं का, कापडाचे आणि गोंदाचे थर असतात. हे कळल्यापासून मला ती पावलं जास्तच लाडकी झाली.

चित्रपटात हे बारकावे निसटतात, पण संगीत मिळतं. 'द रेड शूज'ची (१९४८) नायिका मोइरा शीरर स्वतः बॅलेरिना होती. वाद्यांबरोबर ती गिरकी घेते तेव्हा माझे पाय जमिनीवर राहत नाहीत.

ऐकत ऐकत नाचावंसं वाटणाऱ्याने चित्रपट घ्यावा. आमची भाची वह्या भरून पावलं रेखाटते. तिने फोटोच घ्यावा, फक्त ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नये.