शहर-सहलीचं ॲप, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: पिन बरोबर, उंची गायब

वर्गणी संपत आल्याचा मेल आलाय आणि मी ती पुढे भरणार नाही. ॲप मात्र फोनवरून काढणार नाही. असं का, ते सविस्तर लिहितेय, कारण पैसे भरायच्या आधी मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते. "दिसायला सुंदर, वापरायला सोपं" यापलीकडे त्यांत काही नव्हतं. ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही. हॉटेल, बघायच्या जागा आणि जेवणाची ठिकाणं एकाच नकाशावर टाकून दोन-तीन दिवसांचा कार्यक्रम आखून देणारी इतर काही ॲप्सही मी या काळात वापरून पाहिली आणि मुख्य दुखणं सगळ्यांचं सारखंच निघालं. फीचर्स तुम्हाला माहीत असतीलच, त्यांची यादी देत बसत नाही.

मी बहुतेक वेळा आईबरोबर फिरते. सपाट रस्त्यावर ती माझ्यापेक्षा जास्त चालेल, पण जिना उतरायचा म्हटलं की गुडघे धरतात. त्यामुळे हॉटेल कसं आहे याच्याआधी ते कुठे आहे हे मी बघते. छोट्या सहलीत हे सगळ्यांनीच बघावं असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर राहणाऱ्याचा रोज तासभर जाण्यायेण्यात गेला तर तो भरून निघतो. दोनच दिवस हातात असतील तर दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकता येते की नाही, यावर संध्याकाळ ठरते.

आणि नेमक्या याच बाबतीत ॲप दगा देतं. हॉटेलांच्या यादीत प्रत्येक नावाखाली "केंद्रापासून इतके किलोमीटर" असा आकडा असतो आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. हे केंद्र कुठलं, ते ॲपनेच ठरवलेलं. कुठे मुख्य चौक, कुठे रेल्वे स्टेशन, कुठे नुसता नकाशाचा मध्यबिंदू. तुम्हाला जे बघायचंय ते त्या केंद्राजवळ असेलच असं नाही. शिवाय अंतर मोजलेलं असतं सरळ रेषेत. मधे नदी असो, रुळांचं जाळं असो, टेकडी असो, आकडा तोच.

पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात मला हे पुरतं कळलं. तिथे डोरू नदीवर दों लुईश पहिला नावाचा लोखंडी पूल आहे, 1886 सालचा. पुलाला दोन मजले. वरच्या मजल्यावरून मेट्रो आणि पायी जाणारे, खालच्यावरून रस्त्यावरची वाहनं आणि पायी जाणारे. दोन मजल्यांमध्ये उंचीचं अंतर बरंच मोठं. आम्ही पलीकडच्या काठावर, गाया बाजूला, नदीलगत खोली घेतली होती. नकाशावर हॉटेलची पिन आणि जार्दीं दु मोरू हे मेट्रो स्टेशन जवळजवळ चिकटून दिसत होते आणि ॲपने "मेट्रो अगदी जवळ" असा हिरवा शिक्काही मारला होता. पोचल्यावर आईने धक्क्यावर बॅग टेकवली, मान पूर्ण मागे टाकून वर पाहिलं आणि विचारलं, "अगं, ती गाडी तिथून जाते होय?" गाडी डोक्यावरून जात होती. स्टेशन त्या उंचीवर, आम्ही पाण्याजवळ, मधे चढाचे रस्ते आणि पायऱ्या. धक्क्यावरून थेट स्टेशनपर्यंत नेणारी केबल कार आहे, छान आहे, पण ती संध्याकाळी बंद होते. रात्री जेवून मेट्रोने परत यायचं तर स्टेशनवर उतरून अंधारात उतार उतरायचा. आम्ही दोन्ही रात्री टॅक्सी केली. स्वस्त म्हणून घेतलेल्या खोलीचा हिशोब तिथेच फिसकटला.

मी ॲपच्या लोकांना लिहिलं. पिन बरोबर आहे, असं उत्तर आलं. पिन बरोबरच होती! नकाशावर उंची दिसत नाही, तर "जवळ" हा शिक्का मारायच्या आधी तुम्ही ती तपासा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. पायऱ्या किती, चढ किती, लिफ्ट आहे का, हे हॉटेलच्या माहितीत पहिल्या ओळीत यायला हवं. स्विमिंग पूल आहे की नाही ते तीन ठिकाणी लिहितात. गुडघे दुखणारे, बाबागाडी ढकलणारे, जड बॅग ओढणारे असे कितीतरी प्रवासी असतात, त्यांना हॉटेल चढावर आहे की खाली हे आधी कळायला हवं.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात एक अपडेट आलं. आता सरळ रेषेऐवजी "चालत इतकी मिनिटं" असं दिसतं आणि आपण निवडलेल्या जागेपासूनही अंतर काढता येतं. सुधारणा खरी आहे, मान्य. पण मी लगेच पोर्तूचं तेच हॉटेल काढून पाहिलं. मिनिटं थोडी वाढली आहेत, चढाचा उल्लेख अजूनही नाही.

केंद्रापासूनच्या अंतराचा आकडा उलट बाजूनेही फसवतो आणि तेव्हा फायदा होतो. इस्तंबूलला बघायच्या बऱ्याच जागा सुलतानअहमद भागात आहेत, म्हणून ॲप तिथलीच हॉटेलं वर दाखवत होतं. बॉस्फरसपलीकडे, आशियाच्या बाजूला, उस्कुदारमधली खोली यादीत पार तळाशी होती. मधे सामुद्रधुनी आहे, त्यामुळे ती लांब वाटते. पण 2013 साली सुरू झालेली मार्मराय रेल्वे समुद्राखालच्या बोगद्यातून जाते आणि उस्कुदारनंतरचं पुढचंच स्टेशन, युरोपच्या बाजूचं, सिर्केजी. तिथून ट्रामने सुलतानअहमद जवळच. खोली मोठी, शांत आणि भाड्याला बरीच कमी. स्टेशनं खूप खोल आहेत पण सरकते जिने आहेत, त्यामुळे आईची काहीच तक्रार नव्हती. परतताना आम्ही बोटीने यायचो. ही खोली मला ॲपच्या शिफारशीतून कधीच मिळाली नसती. मेट्रोचा नकाशा वेगळा उघडून बसले म्हणून मिळाली. तेव्हापासून आधी त्या शहराचा रेल्वे-मेट्रोचा नकाशा आणि मग हॉटेल, हाच माझा क्रम.

आता रद्द करण्याचं प्रकरण. "गुरुवारपर्यंत फुकट रद्द" असं बुकिंगवर लिहिलेलं होतं, वेळ दिलेली नव्हती. मी गुरुवारी रात्री रद्द केलं. शहर आपल्या पूर्वेला, तिथे शुक्रवार उजाडलेला. पूर्ण रकमेला कात्री. चॅटवर माणसं बदलत राहिली आणि प्रत्येकाने "तुमची अडचण आम्ही समजू शकतो" हेच वाक्य टाकलं. मुदत हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे धरतात, हे अटींच्या लांबलचक पानावर कुठेतरी होतं म्हणे. मग ते बुकिंगच्या पानावर, तारखेच्या शेजारी का नाही? माझ्याकडे त्या पानाचा स्क्रीनशॉट होता, तो पाठवला तरी काही हललं नाही. शेवटी मी थेट हॉटेलला मेल केला. रिसेप्शनवरून दोन ओळींचं उत्तर आलं की आमची हरकत नाही, ॲपला तसं कळवतो. काही दिवसांत पैसे खात्यात जमा. म्हणजे जो मालक पैसे सोडायला तयार होता, त्याला विचारायची तसदीसुद्धा मधल्यांनी घेतली नव्हती. तुमच्या बाबतीत असं झालं तर चॅटवर रात्र घालवू नका, पहिला मेल हॉटेलला करा. मी आता बुकिंगच्या आधीही हॉटेलला एक मेल टाकते: लिफ्ट आहे का, दारापर्यंत पायऱ्या किती, रद्द करण्याची शेवटची वेळ कोणती. उत्तर किती नीट येतं त्यावरून हॉटेलही कळतं.

प्रेक्षणीय स्थळांच्या बाबतीत माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला ॲपने आखलेला कार्यक्रम बघून मी चिडायचे. पॅरिसला मंगळवारी लूव्र आणि सोमवारी ओर्से संग्रहालय काढून दिलं होतं, त्या-त्या वारी दोन्ही बंद. आता बंदचा वार लाल रंगात येतो आणि ते चोख चालतंय. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडी आणि तेव्हा प्रवेश फुकट, हेसुद्धा त्याने सांगितलं. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, हे तर कितीजण तिथे पोचल्यावर शिकतात! या एका गोष्टीसाठी ॲप फोनवर ठेवण्यासारखं आहे आणि ती फुकटच्या आवृत्तीतही आहे.

मात्र कुठे किती वेळ लागेल, हा अंदाज अजून कच्चा आहे. मिलानमधलं लिओनार्दोचं "लास्ट सपर" बघायला त्याने दीड तास धरला होता. तिथे ठरावीक वेळेला मोजकी माणसं आत सोडतात आणि 15 मिनिटांनी बाहेर काढतात. चित्रासमोर तेवढाच वेळ. उलट रोमच्या बोर्गेझे गॅलरीला दोन तासांचा नेमका स्लॉट असतो, उशिरा पोचलात तर तुमचेच दोन तास कमी होतात. तिकिटं कधी सुटतात हेही ॲप सांगत नाही. ॲमस्टरडॅमचं ॲन फ्रँक हाउस हे संग्रहालय घ्या. तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सुटतात, तीही सहा आठवड्यांनंतरच्या भेटीसाठी. हे माहीत नसेल तर कार्यक्रमात ते नाव टाकून उपयोग शून्य. आधी तिकीट, मग त्याभोवती दिवस, असंच आखावं लागतं.

जेवणाच्या शिफारशींवर फार बोलण्यासारखं नाही. गुणांची सरासरी बघतात, ती किती जणांनी दिली ते बघत नाहीत. माद्रिदला ॲपने संध्याकाळी साडेसहाला रात्रीचं जेवण लावलं होतं. तिथे त्या वेळी बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर सुरूच झालेलं नसतं, आठ-साडेआठनंतर चुली पेटतात. रेस्टॉरंट उघडं असणं आणि तिथे ऑर्डर घेत असणं, हे दोन वेगळे कॉलम हवेत.

पैशांचं एक राहिलं. यादीत दिसणारं भाडं आणि शेवटच्या पानावरचं भाडं यांत फरक पडतो तो बहुधा शहराच्या पर्यटक कराने. ॲमस्टरडॅमला 2024 पासून हा कर खोलीच्या भाड्याच्या 12.5 टक्के आहे, काही शहरांत माणशी-रात्री ठरलेली रक्कम असते आणि ती पुष्कळदा हॉटेलच्या काउंटरवर द्यावी लागते. अमेरिकेत 12 मे 2025 पासून राहण्याच्या जागांना सरकारी कर सोडून बाकी सगळी सक्तीची शुल्कं धरूनच किंमत दाखवावी लागते. तसा नियम नाही तिथे ॲपने स्वतःहून करायला काय हरकत आहे? "एकूण रक्कम दाखवा" असं बटण सेटिंग्जमध्ये आहे, पण दोन पानं आत. ॲप उघडल्यावर सगळ्यात आधी ते चालू करा, नाहीतर तुलना चुकीची होते.

वर्गणी भरून जास्तीचं मिळतं ते काय? इंटरनेटशिवाय नकाशा, आपोआप कार्यक्रम आणि "प्राधान्याने मदत". नकाशा इतरत्र फुकट उतरवता येतो, कार्यक्रम मला पुन्हा हाताने लावावा लागतो आणि मदत कशी मिळते ते वर लिहिलंच आहे. म्हणून बंदचे वार आणि एकूण भाडं बघायला फुकटची आवृत्ती ठेवतेय, खोली थेट हॉटेलकडून घेतेय. अभिप्रायाच्या चौकटीत दर अपडेटनंतर मी एकच मागणी लिहिते, चढ आणि पायऱ्या दाखवा. तुम्हीही असं एखादं ॲप वापरत असाल तर तीच लिहा, एकटीचं पत्र ते बाजूला ठेवतात.