दोघांसाठीची आलिशान मोटरहोम: चकाकीपलीकडची पारख

सुमारे ७ मीटर लांबीची, मर्सिडीज स्प्रिंटर किंवा फियाट ड्युकॅटोच्या चॅसीवर (मूळ सांगाड्यावर) बांधलेली, मागच्या भागात कायमचा पलंग असलेली आणि केवळ दोन माणसांच्या दीर्घ प्रवासासाठी आखलेली आलिशान मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, हा या परीक्षणाचा विषय आहे. या वर्गातील गाड्यांचे चामड्याचे सोफे, लपवलेले दिवे आणि दगडासारखा दिसणारा ओटा पहिल्या पाच मिनिटांत मन जिंकतात. मात्र दोन माणसांना आठवडेच्या आठवडे एकमेकांच्या पायात न येता तिथे राहता येते का आणि त्या दोघांचे सामान गाडी कायदेशीर वजनात वाहू शकते का, या दोन प्रश्नांवरच अशा गाडीची खरी किंमत ठरते, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात पलंगापासून करावी. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला दुहेरी पलंग जागा वाचवतो, पण आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठायचे झाले, तर दुसऱ्याला ओलांडूनच बाहेर पडावे लागते. शिवाय न्हाणीघराला वाट देण्यासाठी गादीचा पायाकडचा कोपरा बहुधा कापलेला असतो. मध्यभागी ठेवलेल्या पलंगावर दोन्ही बाजूंनी चढता येते, मात्र त्यासाठी गाडीची लांबी वाढते किंवा दिवसा गादी दुमडून चालण्याची वाट मोकळी करावी लागते. दोन स्वतंत्र पलंगांची रचना मला सर्वांत समंजस वाटते, कारण एकाची झोप दुसऱ्याच्या हालचालीवर अवलंबून राहत नाही. अर्थात त्यांच्याखाली सायकलींसाठी मोठा कप्पा असेल, तर पलंग उंच होतात आणि पायऱ्या चढाव्या लागतात, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी विक्रेत्याच्या दालनात उभे राहून पाहण्यावर न थांबता दोघांनी मिळून अर्धा तास तरी प्रत्यक्ष आडवे होऊन पाहावे. एकजण ओट्याशी उभा असताना दुसऱ्याला न्हाणीघरापर्यंत जाता येते का, हेही त्याच वेळी तपासावे.

वजनाचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि विक्रेते त्याविषयी सर्वांत कमी बोलतात. युरोपातील बहुतेक देशांत साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचेच वाहन चालवता येते, त्यामुळे अनेक आलिशान गाड्या ओढूनताणून याच मर्यादेत बसवलेल्या असतात. माहितीपत्रकात दिलेल्या ‘चालू स्थितीतील वजनात’ ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन धरलेले असते. पाणी मात्र अनेकदा जेमतेम २० लिटर धरतात. समजा, कागदावर आणखी ३५० किलो भार वाहण्याची मुभा दिसते. त्यातून सोबतीचे ७० किलो, १२० लिटरची टाकी पूर्ण भरल्यास वाढणारे १०० किलो, विजेवर चालणाऱ्या दोन सायकलींचे ५०, बाजूला उघडणाऱ्या सावलीच्या छताचे सुमारे ३० आणि टपावरील वातानुकूलन यंत्राचे तेवढेच वजा केले, की कपडे, भांडी, किराणा, खुर्च्या आणि अवजारे या सगळ्यांसाठी अवघे ७० किलो उरतात. त्यातच घोषित वजनात ५ टक्क्यांपर्यंतची तफावत नियमाने मान्य आहे, म्हणजे ३,१५० किलोच्या गाडीत दीडशे किलोंचा फरक पडू शकतो आणि तो प्रतिकूल निघाल्यास गाडी सामान भरण्याआधीच भरलेली असते. म्हणून मागितलेली सर्व जादा उपकरणे बसवल्यानंतरची वजनकाट्याची पावती मिळाल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नये.

एकूण वजनाइतकेच मागच्या अॅक्सलवरचे, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावरचे, वजनही पाहायला हवे. पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ४ मीटर अंतर असेल आणि मागच्या अॅक्सलच्या २ मीटर मागे ६० किलोंचे सामान ठेवले, तर तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर ९० किलोंचा भार वाढतो आणि पुढच्या अॅक्सलवरचा ३० किलोंनी घटतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत त्या चाकांची कमी झालेली पकड ओल्या चढावर ताबडतोब जाणवते.

उष्णतेच्या बाबतीत निवड मुख्यतः दोन पद्धतींत आहे. ट्रुमा या कंपनीच्या कोंबी हीटरमधून पंख्याने गरम हवा खेळवली जाते. गाडी लवकर तापते, पण रात्री पंखा सुरू झाला की तो ऐकू येतो. आल्डे या कंपनीच्या पद्धतीत गरम द्रव नळ्यांमधून फिरतो, ऊब सावकाश येते, परंतु ती शांत आणि सर्वत्र सारखी असते. वजन आणि काही वर्षांनी द्रव बदलण्याचा खर्च मान्य असेल, तर या किमतीच्या गाडीत मी आल्डेच निवडेन. हिवाळी प्रवास करणाऱ्यांनी ईएन १६४६-१ या युरोपीय मानकातील तिसऱ्या श्रेणीचा दाखला मागावा: बाहेर उणे १५ अंश असताना आतील हवा चार तासांत २० अंशांपर्यंत तापली पाहिजे, अशी त्याची अट आहे. हीटरसाठीचा गॅस प्रोपेनचाच हवा, कारण ब्युटेनची वाफ शून्य अंशाच्या आसपास होईनाशी होते.

विजेच्या जाहिरातींकडे हिशेबी नजरेने पाहावे. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत साधारण १,२८० वॉट-तास ऊर्जा मावते. १,५०० वॉटचे कॉफीयंत्र दहा मिनिटे चालवले, तर तिचा पाचवा हिस्सा जातो आणि ८०० वॉट ओढणारे वातानुकूलन दीड तासाच्या आसपास तिला रिकामे करते. त्यामुळे बाहेरच्या वीजजोडणीशिवाय रात्रभर गारवा मिळेल, या आश्वासनावर एकाच बॅटरीच्या भरवशाने विश्वास ठेवू नये. स्पर्शपडद्यावरून सगळे चालवण्याची सोय देखणी आहे, पण तो पडदा बंद पडल्यास पाण्याचा पंप आणि दिवे हाताने सुरू करता येतात का, हे विचारून घ्यावे.

स्वयंपाकघराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन शेगड्या पुरतात, ओट्यावर मोकळी जागा मात्र हवी.

चालवून पाहताना दोघांनीही स्टिअरिंग हाती घ्यावे. रुंद काचेच्या, पूर्ण बांधणीच्या (चालकाची केबिनही घराच्याच सांगाड्यात सामावलेल्या) गाडीत समोरचे दृश्य मोठे दिसते, पण सोबत्याच्या बाजूला दार बहुधा नसते आणि काचेच्या कडेचे जाड खांब वळणावर नजर अडवतात. लांब प्रवासात एकजण आजारी पडल्यास दुसऱ्याला गाडी न्यावी लागणार आहे, त्यामुळे ज्याला चालवण्याची सवय कमी आहे, त्याचेच मत मी इथे अधिक महत्त्वाचे मानतो. त्याला अरुंद गल्लीत गाडी मागे घेणे जमत नसेल, तर एक मीटर आखूड गाडी निवडावी आणि सोफ्याची लांबी सोडून द्यावी.